नेपाळात पैसा गुंतवायचाय: नेताना आणि परत आणताना लागणारे कागद

माझ्याकडे नेपाळची फाइल घेऊन येणारे बहुतेक लोक एकाच वाक्याने सुरुवात करतात: "आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही ना? मग एवढे कागद कशाला?"

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोन्या-चांदीच्या कामामागे देशभर पांगली, काही नेपाळातही स्थिरावली. त्यांच्याच नात्यातला एक तरुण माझ्याकडे आला होता. मामा काठमांडूत, ओळखी भरपूर, भैरहवाजवळ पॅकेजिंगच्या पिशव्यांचा कारखाना टाकायचा बेत. गडी माझ्याकडे यायच्या आधीच कामाला लागला होता. मामांच्या एका नेपाळी मित्राच्या खात्यावर त्याने हप्त्याहप्त्याने 9 लाख रुपये पाठवले होते आणि 13 लाख रोखीने पोचवले होते. कंपनी त्या मित्राच्या नावावर निघाली होती. शेअर सर्टिफिकेटवर आमच्या गड्याचं नाव कुठेच नव्हतं.

"मित्र चांगला आहे हो," तो म्हणाला. असेलही. पण कागदावर ते 22 लाख मित्राचेच आहेत.

नेपाळमधून नफा किंवा भांडवल परत आणायची परवानगी मागायला जाल तेव्हा तिथली मध्यवर्ती बँक, म्हणजे नेपाळ राष्ट्र बँक, आधी एवढंच विचारते, की मूळ रक्कम देशात आली कशी. त्या दिवशी दाखवायचा कागद पहिल्या दिवशीच तयार व्हावा लागतो. तो मागाहून बनत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी हे डोळ्यासमोर ठेवून लावल्या आहेत.

माणूस सीमा ओलांडताना

हा भाग सोपा, म्हणून पटकन. व्हिसा नाही हे खरं. त्याच्या मागे 31 जुलै 1950 चा भारत-नेपाळ मैत्री करार आहे. त्याच्या सहाव्या आणि सातव्या कलमांत एकमेकांच्या नागरिकांना उद्योग, वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांत मोकळीक देण्याची भाषा आहे. ती वाचून लोक हुरळतात. प्रत्यक्ष कारभार मात्र दोन्ही देशांनी नंतर केलेल्या कायद्यांवर चालतो, आणि ते कायदे करारापेक्षा बरेच कडक आहेत.

विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या प्रवाशांना चालतं. मधल्या वयाचे लोक आधार घेऊन विमानतळावर पोचतात आणि अडकतात. स्वतःची गाडी रक्सौल-वीरगंज किंवा सोनौलीवरून नेलीत तर नाक्यावर भन्सार भरावा लागतो, म्हणजे तिथलं कस्टम. वर्षात एकूण 30 दिवसांपलीकडे ती गाडी तिथे ठेवता येत नाही. त्यामुळे इथली गाडी नेऊन कारखान्याला जुंपायचा विचार सोडा.

रोख रकमेबाबत एक सवय लावून घ्या: 100 रुपये आणि त्याखालच्या नोटा, त्याही प्रवासखर्चापुरत्या. 2016 च्या नोटाबंदीत नेपाळी लोकांकडे जुन्या भारतीय नोटा अडकून पडल्या. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने 100 च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. मोठ्या नोटांचे नियम त्यानंतरही हललेत, म्हणून जाण्याच्या आठवड्यात दोन्ही बाजूंचा ताजा नियम बघा. आणि बँकेत जाऊन नेपाळ प्रवासासाठी डॉलर मागू नका. नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन काढायला आपल्या फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांतच मनाई आहे.

राहिला प्रश्न तिथे काम करण्याचा. व्हिसा माफ आहे म्हणून कामाची परवानगीही माफ, असं गृहीत धरू नका. नेपाळच्या 2017 च्या श्रम कायद्यात परदेशी कामगारासाठी श्रम परवानगीची तरतूद आहे, आणि ती भारतीयांना कशी लावायची यावरून तिथे वाद झालेले आहेत. मी प्रत्येक कंपनीला एकच सांगतो: आपल्या माणसांची यादी, पद आणि मुदत लिहून श्रम विभागाकडून लेखी उत्तर घ्या. त्याशिवाय नेपाळी कर्मचाऱ्यांसाठी सामाजिक सुरक्षा कोषात मूळ पगाराच्या 31 टक्के भरावे लागतात, त्यातले 20 मालकाचे आणि 11 कर्मचाऱ्याचे. पगाराचं गणित मांडताना हे 20 टक्के हटकून विसरले जातात.

तुमचा धंदा परदेशी माणसाला खुला आहे का?

नेपाळचा परदेशी गुंतवणूक आणि तंत्रज्ञान हस्तांतरण कायदा 2019 चा आहे. त्याच्या परिशिष्टात परदेशी गुंतवणूक बंद असलेल्या धंद्यांची यादी आहे. किरकोळ विक्री, घरगुती आणि लघुउद्योग, शिंपीकाम-केशकर्तनासारख्या व्यक्तिगत सेवा, ट्रॅव्हल एजन्सी, ट्रेकिंग गाइड, होमस्टे, पैसे बदलून देणं, पैसे पाठवून देणं (रेमिटन्स), जमीन-घरांची खरेदी-विक्री हे सगळं त्यात येतं. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, फळं-भाजीपाला अशी प्राथमिक शेतीसुद्धा यादीत आहे. 2021 मध्ये निर्यातीसाठीच्या मोठ्या शेतीप्रकल्पांना थोडी वाट करून दिली गेली, तेवढीच.

म्हणजे साडीचं दुकान नाही आणि मिठाईचंही नाही. पॅकेजिंगचा कारखाना चालतो, पण लघुउद्योगाच्या व्याख्येत बसला तर पुन्हा बंद. प्रकल्प अहवाल बनवताना आकार आणि भांडवल दोन्ही त्या व्याख्येच्या वर ठेवावे लागतात. हे पहिल्याच बैठकीत तपासा, जागा बघायला जाण्याच्या आधी.

दुसरी अट किमान रकमेची. कायदा आला तेव्हा चर्चा 50 लाख नेपाळी रुपयांची होती, 2019 मध्येच ती मर्यादा 5 कोटींवर नेली, आणि 2022 मध्ये 2 कोटींवर आणली. नेपाळी रुपया 1993 पासून आपल्या रुपयाला 1.60 च्या दराने बांधलेला आहे, तेव्हा 2 कोटी नेपाळी म्हणजे आपले 1.25 कोटी. यात मेख अशी की ही मर्यादा प्रत्येक परदेशी गुंतवणूकदाराला वेगळी लागते. तीन मित्रांनी मिळून सव्वा कोटी जमवले आणि तिघांनी आपापल्या नावाने अर्ज केला, तर तिघेही अपात्र. तिघांनी इथे एक कंपनी करून तिच्या नावाने गुंतवणूक केली, तर एकच गुंतवणूकदार.

भारतातून पैसा बाहेर काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या नेपाळच्या नसून आपल्याकडच्या असतात.

आपल्या बाजूने लागू होतात ते 22 ऑगस्ट 2022 ला आलेले परदेशी गुंतवणुकीचे नियम, रिझर्व्ह बँकेचे विनियम आणि सूचना. नोंद न झालेल्या, म्हणजे शेअर बाजारात सूचीबद्ध नसलेल्या परदेशी कंपनीचा एक शेअर जरी घेतला, तरी ती थेट परदेशी गुंतवणूक, ज्याला सगळे ओडीआय म्हणतात. "मी फक्त 5 टक्के घेतोय, मला कशाला लागू होईल" हा युक्तिवाद चालत नाही.

कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) गुंतवणार असेल तर मर्यादा शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या नेट वर्थच्या, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेच्या, 400 टक्के. सव्वा कोटी पाठवायचे तर किमान 31.25 लाखांचं नेट वर्थ हवं, आणि ते लेखापरीक्षित ताळेबंदात दिसायला हवं. कालच स्थापन केलेली कंपनी घेऊन बँकेत गेलात तर ताळेबंदच नसतो. म्हणून नेपाळचा विचार पक्का झाला की भारतीय कंपनी लगेच काढा, भांडवल भरा आणि एक आर्थिक वर्ष मार्गी लागू द्या. व्यक्ती म्हणून गुंतवायचं तर वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत राहावं लागतं, वित्तीय सेवांच्या धंद्यात पैसे घालता येत नाहीत, आणि जिच्यावर तुमचं नियंत्रण आहे अशा कंपनीला खाली उपकंपनी काढता येत नाही.

आता नेपाळची खास अट. मर्यादा डॉलरमध्ये मोजली, तरी नेपाळमधली गुंतवणूक फक्त भारतीय रुपयांत करायची. भूतानला रुपये किंवा परकीय चलन दोन्ही चालतात, नेपाळला नाही. मी एक प्रकरण असं पाहिलंय की एका बँकेच्या शाखेने सवयीने डॉलरमध्ये व्यवहार टाकला आणि तो उलटवण्यात सात आठवडे गेले. शाखेतल्या माणसाला दोष देऊन फायदा नाही; त्याच्याकडे नेपाळची फाइल वर्षातून एखादी येते. तुम्हीच सूचनेचा तो परिच्छेद छापून सोबत न्या.

पैसे पाठवण्याच्या आधी बँकेत फॉर्म एफसी भरायचा आणि त्यावर रिझर्व्ह बँकेकडून नेपाळी कंपनीसाठी यूआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, घ्यायचा. आधी पैसे, मग नंबर, असं करता येत नाही. बँक शेअरच्या किमतीचा आधार मागते, म्हणजे मूल्यांकन अहवाल. तुमचं एखादं कर्ज थकीत असेल, तुम्ही हेतुपुरस्सर कर्ज बुडवणारे ठरला असाल किंवा तपास यंत्रणेची चौकशी चालू असेल, तर संबंधित बँकेचं किंवा यंत्रणेचं ना-हरकत पत्र लागतं. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरलं जातं.

आणि तो तरुण ज्या वाटेने पैसे पाठवत होता ती वाट कोणती? 2008 पासून चालू असलेली भारत-नेपाळ रेमिटन्स योजना. एनईएफटीच्या शाखेतून एका वेळी 2 लाखांपर्यंत, खातं नसलेल्याला रोखीने 50 हजारांपर्यंत. इथे राबणाऱ्या नेपाळी माणसाने घरी पैसे धाडावेत यासाठी ही उत्तम सोय आहे. तिच्यातून कंपनीचं भांडवल पाठवलं तर ते भांडवल ठरत नाही.

तिकडची नोंदणी: क्रम महत्त्वाचा

आधी परवानगी, मग कंपनी, मग पैसा. 6 अब्ज नेपाळी रुपयांपर्यंतची परदेशी गुंतवणूक उद्योग विभाग मंजूर करतो. त्यावरची गुंतवणूक मंडळाकडे जाते. 900 मेगावॉटच्या अरुण-3 सारखे जलविद्युत प्रकल्प त्या दुसऱ्या दारातले. आपल्यासारख्यांचं काम काठमांडूत त्रिपुरेश्वरला उद्योग विभागाच्या आवारातल्या एकल बिंदू सेवा केंद्रात होतं. कंपनी रजिस्ट्रार, कर, श्रम, राष्ट्र बँक यांच्या खिडक्या एकाच छपराखाली आहेत. 50 कोटी नेपाळी रुपयांपर्यंतच्या ठराविक उद्योगांना आता ऑनलाइन, आपोआप मंजुरीची वाटही आहे.

सोबत संचालक मंडळाचा ठराव, कंपनीची कागदपत्रं, बँकेचं आर्थिक पत पत्र, प्रकल्प अहवाल आणि भागीदार नेपाळी असेल तर संयुक्त करार. भारतीय कागदांवर नोटरी, परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण आणि नेपाळी दूतावासाचा शिक्का असा पूर्ण साज चढवून न्या. फेब्रुवारी 2025 मध्ये नेपाळ एफएटीएफ या काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखाली, गेला. तिथल्या बँका खाती उघडताना खऱ्या मालकाचा शोध आता पूर्वीपेक्षा चिकाटीने घेतात.

पैसे नेपाळी बँकेत पोचले की बँकेकडून रक्कम आल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि राष्ट्र बँकेत त्या गुंतवणुकीची नोंद करून घ्या. मी मघाशी म्हणालो तो पहिल्या दिवशीचा कागद हाच. त्याच्या चार प्रती करा, एक भारतात ठेवा. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांच्या आत तुमच्या इथल्या बँकेला द्यायचं असतं.

इथे एक गंमत, जी दर फाइलमध्ये होते. शेअर सर्टिफिकेटवर तारीख असते विक्रम संवतातली, "2081 साउन 12" अशी. इथल्या बँकेतली मुलगी ते बघते आणि फोन करते, "सर, हे 2081 साल अजून यायचंय." म्हणून प्रत्येक नेपाळी कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि इसवी तारीख असलेलं नोटरी केलेलं पान आधीच लावून ठेवा.

जमीन

भारतीय माणसाला स्वतःच्या नावावर नेपाळात जमीन घेता येत नाही, 1950 चा करार काहीही म्हणो. नेपाळात नोंदलेली तुमची कंपनी उद्योगाला लागेल तेवढी जमीन कंपनीच्या नावावर घेऊ शकते. पहिल्या पाच वर्षांसाठी मी भाडेपट्टाच सुचवतो. "सध्या भागीदाराच्या बायकोच्या नावावर घेऊ, नंतर बघू" हे वाक्य ऐकलं की मी फाइल बंद करतो.

आपल्याकडेही हात आखडताच आहे. नेपाळी नागरिकाला भारतात रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा चालतो.

भांडण झालं तर

करार लिहिताना सगळे खुशीत असतात, म्हणून हा भाग घाईत उरकला जातो. नेपाळच्या कायद्याप्रमाणे परदेशी आणि स्थानिक गुंतवणूकदारांत वाद झाला तर आधी उद्योग विभागाच्या मध्यस्थीने बोलणी, 45 दिवसांत मिटलं नाही तर करारात लिहिल्याप्रमाणे, आणि करारात काहीच नसेल तर लवाद, तोही नेपाळात आणि नेपाळी कायद्याने.

तुम्ही म्हणाल, मग पुण्याच्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र लिहू. लिहा, पण निकाल घेऊन करणार काय? भागीदाराची मालमत्ता तिकडे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली ज्या देशांचे निकाल आपल्याकडे थेट अंमलात येतात त्यांत बांगलादेश आहे, नेपाळ नाही. म्हणून जिथे मालमत्ता तिथे अंमलबजावणी होईल असा लवाद निवडा. नेपाळ 1998 पासून न्यूयॉर्क करारात, म्हणजे परदेशी लवादाचे निवाडे मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे सिंगापूरसारख्या तटस्थ ठिकाणचा लवाद तिथे राबवायला आधार मिळतो. खर्च जास्त, लहान प्रकल्पाला काठमांडूचा लवाद पुरतो.

आणखी एक कलम विसरू नका. सप्टेंबर 2015 पासून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत सीमेवरची वाहतूक ठप्प होती. ज्यांच्या पुरवठा करारात सीमा बंद पडल्यास काय, हे लिहिलेलं नव्हतं, ते माल न पोचल्याचा दंड कुणी भरायचा यावरून भांडत बसले. "आकस्मिक संकट" एवढं मोघम लिहू नका. नाका, दिवस आणि जबाबदारी लिहा.

माल तिकडून इकडे आणणार असाल तर नेपाळी मूळ असल्याचा दाखला लागतो. तिसऱ्या देशाचा कच्चा माल कारखान्यातल्या किमतीच्या 70 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर शुल्कमाफी जाते. 2020 पासून आपलं कस्टम दाखल्यावर न थांबता आयातदाराकडेच मूळचा तपशील मागतं, आणि तो पाच वर्षं जपावा लागतो.

नफा परत आणताना

तिथे कंपनीवर साधारण 25 टक्के कर, उत्पादन उद्योगांना सवलतीने 20 टक्क्यांच्या आसपास, आणि लाभांशावर 5 टक्के कापून घेतले जातात. भारत-नेपाळ दुहेरी कर टाळण्याचा करार 2012 पासून लागू आहे. त्यात लाभांशावर, किमान 10 टक्के भागधारणा असेल तर 5 टक्के, एरवी 10 टक्के अशी कमाल मर्यादा आहे. तिकडे भरलेल्या कराची वजावट इथे मिळते, पण त्यासाठीचा फॉर्म आणि नेपाळी करभरण्याचा पुरावा मुदतीत द्यावा लागतो. व्यक्तीने गुंतवणूक केली असेल तर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवायचीच, उत्पन्न शून्य असलं तरी. काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात त्यासाठी 10 लाखांचा दंड आहे.

कर भरून झाला की उद्योग विभाग आणि राष्ट्र बँक यांच्या परवानगीने रक्कम निघते. आपल्या नियमांप्रमाणे मिळायची झालेली रक्कम 90 दिवसांत भारतात आणायची. तिथेच ठेवून दुसऱ्या धंद्यात फिरवायची नाही.

रिझर्व्ह बँकेसाठी दरवर्षीचे दोन फॉर्म: 15 जुलैपर्यंत एफएलए (परदेशी देणी आणि मालमत्तेचं विवरण) आणि 31 डिसेंबरपर्यंत एपीआर (परदेशी कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल). नेपाळचं आर्थिक वर्ष असारअखेर, म्हणजे जुलैच्या मध्याला संपतं. तिथला लेखापाल करविवरणाला मुदतवाढ घेऊन जानेवारीपर्यंत निवांत असतो, आणि तुमचा एपीआर मात्र 31 डिसेंबरला चुकतो. विलंब शुल्क 7,500 रुपये, ते फार नाही. पण चुकलेली नोंद दुरुस्त होईपर्यंत पुढचा पैसा पाठवता येत नाही, आणि यंत्राचा शेवटचा हप्ता नेमका तेव्हाच द्यायचा असतो. नेपाळी लेखापालाच्या नेमणूकपत्रातच मंसिरअखेरची, म्हणजे डिसेंबरच्या मध्याची तारीख घाला.

उलट दिशेने

तिकडच्या मित्राने तुमच्या इथल्या कंपनीत पैसे घालायचे ठरवले तर ते वाटतं त्याहून अवघड आहे. 17 एप्रिल 2020 च्या प्रेस नोट 3 ने भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी बंधनकारक केली. रोख चीनवर असेल, पण शब्दांत नेपाळही येतो. त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या बघूनच अर्ज करा. शिवाय नेपाळचा 1964 चा कायदा तिथल्या नागरिकांना परदेशात गुंतवणूक करायलाच अटकाव करतो. मित्राने उत्साहाने पाठवलेली रक्कम शेअर भांडवलात दाखवली तर दोन्ही देशांत एकाच वेळी उल्लंघन होतं.

भैरहवाच्या त्या तरुणाचं पुढे काय झालं? बँकेतून गेलेल्या 9 लाखांपुरता आम्ही रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक कबूल करून रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज केला. मित्र खरंच चांगला निघाला. त्याने ते 9 लाख जसेच्या तसे परत पाठवले. रोखीच्या 13 लाखांबद्दल कुणाकडेच चिठ्ठीसुद्धा नव्हती. तरुणाने दोन चुलतभावांना घेऊन इथे कंपनी काढली, एक ताळेबंद होऊ दिला आणि मग यूआयएन घेऊन सव्वा कोटी पाठवले. राष्ट्र बँकेच्या नोंदीचा कागद हातात आला त्या दिवशी त्याने मला त्याचा फोटो पाठवला. तारीख अर्थात विक्रम संवतातली होती.